सीव्हीएसच्या कूपनांवर नाताळच्या टोपल्या: परवडतं का?

परवडतं, आणि चांगलं परवडतं. सीव्हीएस ही औषधं आणि घरवापराच्या वस्तू विकणारी अमेरिकी दुकानांची साखळी. फक्त डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात शिरून सगळं एकदम जमवू म्हणाल तर नाही. सप्टेंबरपासून थोडं थोडं साठवत गेलात, तर भरगच्च दिसणारी टोपली सात-आठ डॉलरांत होते. तयार विकत घेतली की त्याच मापाच्या टोपलीला पंचवीस-तीस डॉलर सहज जातात.

न्यू जर्सीत आपल्या कितीतरी घरांत एकाच पगारावर चालतं. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेल्या बाईच्या हातात कामाचा परवाना पडेपर्यंत वर्षं जातात; आमच्याकडेही तेच झालं. पण डिसेंबर आला की द्यायची माणसं काही कमी होत नाहीत. मुलांच्या शिक्षिका, स्कूलबसचे ड्रायव्हर, पोस्टवाली, शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देणारे गार्ड आजोबा, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी. ही माणसं वर्षभर आपल्या घरासाठी राबतात. त्यांना नुसतं ‘मेरी ख्रिसमस’ म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. म्हणून मी सीव्हीएसच्या एक्स्ट्राकेअर या सवलतीच्या कार्डाकडे नीट लक्ष द्यायला लागले, आणि हे लिहितेय ते त्याच कामापुरतं.

कार्ड फुकट मिळतं. काउंटरवर फोन नंबर सांगितला तरी चालतं. खरेदीवर दोन टक्के परत मिळतात, पण त्यात फारसा जीव नाही. खरी गंमत एक्स्ट्राबक्समध्ये आहे. अमुक वस्तू घ्या, तमुक डॉलरांचे एक्स्ट्राबक्स मिळवा, अशा ऑफर रविवारी लागतात आणि शनिवारी संपतात. हे बक्स पावतीच्या शेवटी छापून येतात किंवा अ‍ॅपमध्ये जमा होतात, आणि पुढच्या खरेदीत पैशांसारखे वापरता येतात. आत गेल्या गेल्या लाल मशीनवर कार्ड स्कॅन करायचं. दुकानाची स्वतःची कूपनं तिथून निघतात. वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं एक कूपन आणि दुकानाचं एक कूपन एकाच वस्तूवर चालतं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणींना माहीत नसतं.

एक हिशोब मांडून दाखवते. टूथपेस्ट ३.९९ डॉलरला, दोन घेतल्या तर ४ डॉलरचे बक्स, आणि अ‍ॅपवर कंपनीचं २ डॉलरचं कूपन. दोन टूथपेस्टचे झाले ७.९८, कूपन वजा करून ५.९८ भरायचे, हातात ४ डॉलरचे बक्स. म्हणजे जोडी पडली १.९८ ला. पण न्यू जर्सीत टूथपेस्टला ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, आणि कंपनीचं कूपन असेल तर तो कूपनच्या आधीच्या किमतीवर लागतो. ते ५३ सेंट धरा, मग खरा आकडा २.५१. कूपनवाल्या बायका व्हिडिओत ‘जवळजवळ फुकट’ म्हणतात तेव्हा हा कर मोजलेला नसतो, आणि आधी खिशातून सहा-साडेसहा डॉलर गेलेले असतात हेही सांगितलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. ही टूथपेस्ट टोपलीत घालायची नाही. कूपनवर स्वस्त मिळतात त्या वस्तू म्हणजे टूथपेस्ट, डिओडरंट, शाम्पू, रेझर. त्यांची टोपली करून दिली तर घेणाऱ्याला ती औषधाच्या कपाटाची आवराआवर वाटते, आणि डिओडरंट दिलं तर चक्क अपमान वाटू शकतो. त्या वस्तू घरात वापरायच्या. नाहीतरी आपण त्या विकत घेणारच असतो. त्यांच्यावर मिळालेल्या बक्समधून टोपलीच्या वस्तू घ्यायच्या. एका आठवड्याची टूथपेस्ट पुढच्या आठवड्याच्या चॉकलेटचे पैसे देते. हे एकदा लक्षात आलं की घरखर्चाला फारसा हात न लावता टोपल्या उभ्या राहतात.

बक्सना मुदत असते, ती पावतीवरच छापलेली असते, आणि उलटून गेली की ते गेले. शिवाय सुटे परत मिळत नाहीत. ४ डॉलरचे बक्स ३.५० च्या वस्तूवर लावले तर पन्नास सेंटवर पाणी. म्हणून बक्सच्या रकमेपेक्षा थोडं जास्तच बिल करायचं. महिन्याला पाच डॉलर भरून मिळणारी एक्स्ट्राकेअर प्लसची योजनाही आहे. तिच्यात दर महिन्याला १० डॉलरचं बक्षीस येतं. ते दर महिन्याला न चुकता वापरणार असाल तरच घ्या. आणि ऑफर नसताना इथे काहीही घेऊ नका. साध्या दिवशी सीव्हीएसच्या किमती मोठ्या सुपरमार्केटपेक्षा चढ्याच असतात.

कागदी कूपनांचे दिवस मात्र आमच्या भागात सरत चालले आहेत. रविवारच्या पेपरात कूपनांची पुरवणी यायची. शेजारच्या आजींचा पेपर वाचून झाला की त्यांची पुरवणीही मला मिळायची, म्हणजे तेच कूपन दोनदा. न्यू जर्सीचा स्टार-लेजर हा पेपर फेब्रुवारी २०२५ मध्ये छापायचा बंद झाला. आता सगळं अ‍ॅपवर, आणि एका खात्याला एक कूपन. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या म्हाताऱ्या माणसांना तीच वस्तू पूर्ण किमतीला घ्यावी लागते. मला हे मनापासून खटकतं. आजींचं एक्स्ट्राकेअर खातं मी त्यांच्यासमोर बसून उघडून दिलं. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तेवढं करा.

सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो पोस्टवालीच्या टोपलीचा. टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना रोख पैसे घेता येत नाहीत, किती का कमी असेनात. एका प्रसंगाला २० डॉलरपर्यंतच्या किमतीची भेट चालते आणि एकाच माणसाकडून वर्षाला ५० च्या वर नाही. इथे आपण किती खर्च केला हा प्रश्नच नसतो, वस्तूची किंमत मोजायची असते. म्हणून मी कूपनची नाही, छापील किमतीची बेरीज करते. घट्टसर हँडक्रीमची ट्यूब, लिपबाम, खिशात ठेवायच्या हातऊबेच्या पुड्या, खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट, चॉकलेटची एक छोटी पिशवी. उघड्या गाडीच्या दारात दिवसभर हात बाहेर असतात, कागद हाताळून बोटांची कातडी फाटते. हँडक्रीम बिनवासाचं आणि पटकन मुरणारं घ्यायचं, नाहीतर पाकिटांना डाग पडतात. गार्ड आजोबांच्या टोपलीत हेच, फक्त चॉकलेटऐवजी जाड लोकरी मोजे. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, तेवढीच बचत.

शिक्षिकांना टिश्यूचे डबे, सॅनिटायझर, चांगली पेनं आणि एक कार्ड. मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं कार्ड हवंच, बाकी कमी असलं तरी चालेल.

घरचा चिवडा घालायचा मोह मला दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी तो आवरते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे बऱ्याच जणांना असते, आणि घरच्या डब्यावर घटकांची यादी नसते. आपलं काही द्यायचंच असेल तर ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून बंद पाकिटातलं, घटक नीट छापलेलं आणि शेंगदाणे-काजू नसलेलं काहीतरी घ्या. चहाचा मसाला लोकांना आवडतो. सोबत दोन ओळींत चहा कसा करायचा ते लिहून ठेवा.

टोपल्या सीव्हीएसमध्ये घेऊ नका, महाग पडतात. डॉलर ट्री या स्वस्त दुकानात वेताच्या दिसणाऱ्या टोपल्या आणि सेलोफेनच्या पिशव्या मिळतात. एक डॉलरचा जुना भाव २०२१ मध्ये सव्वा डॉलर झाला, तरी त्याहून स्वस्त मला कुठे सापडलेलं नाही. तळाशी चुरगळलेला कागद दाबून बसवा, म्हणजे वस्तू वर येतात आणि टोपली भरलेली दिसते. उंच वस्तू मागे, ट्यूब आडव्या न ठेवता तिरक्या टेकवून, चपटी पाकिटं पुढे. प्रत्येक वस्तूच्या मागे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ती शेजारच्या वस्तूला धरून ठेवा. गाडीतून नेताना सगळं एका बाजूला घसरलं की सेलोफेनमधून ते लपत नाही. किमतीचे स्टिकर काढताना हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली तर चिकट डाग राहत नाही.

काउंटरवरच्या वागणुकीबद्दलही सांगायला हवं. आमच्या सीव्हीएसमधली मुलगी एखादं कूपन स्कॅन झालं नाही तर शांतपणे पुन्हा करून बघते, आणि ऑफरची अट पुरी झाली नसेल तर कुठली वस्तू कमी पडतेय ते सांगते. दुसऱ्या एका दुकानात मला रांगेतल्या सगळ्यांसमोर ‘इतकी कूपनं कुठून आणलीत’ असं विचारलं गेलंय. तिथे मी परत गेले नाही. गर्दीची वेळ टाळा, कूपनं आधीच अ‍ॅपवर कार्डाला जोडून ठेवा आणि काउंटरवरून हलण्याआधी पावती तपासा. बक्स आले नसतील तर ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं, घरी आल्यावर फोनवर बसावं लागतं.

टूथपेस्ट-साबण घरात जास्त झाले, आणि ते होतातच, तर गावातल्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, न उघडलेले नेऊन द्या. सरकारच्या स्नॅप मदतीतून अन्न घेता येतं. साबण, टूथपेस्ट, डायपर घेता येत नाहीत. त्यामुळे पँट्रीत या वस्तूंची नेहमी चणचण असते.

एक्स्ट्राकेअरला पाचपैकी चार तारे देते. एक तारा कापला तो बक्सच्या आखूड मुदतीसाठी आणि फोन नसलेल्यांना वाऱ्यावर सोडल्याबद्दल. रिबिनी, टॅग आणि नाताळचे छापील कागद मात्र २६ डिसेंबरला घ्या. त्या दिवशी सणाचा माल निम्म्या किमतीला येतो, थोडे दिवस थांबलात तर आणखी उतरतो. लाल आणि सोनेरी घ्या, सांता छापलेलं नको, म्हणजे उरलेलं दिवाळीलाही वापरता येतं.