पहाटे चारला उघडणारे भुसावळचे हॉटेल आणि तिथला खेळांचा वाद

भुसावळ रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर पहाटे चारला उघडणारे एक साधे हॉटेल आहे. सगळी गिऱ्हाइके ज्यांना आप्पा म्हणतात त्या मालकांना जाहिरात नको असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र स्थानकाबाहेर त्या वेळी उभ्या असलेल्या कोणत्याही रिक्षावाल्याला "मॅच लावतात ते हॉटेल" एवढे विचारले तरी तो वाट दाखवील. माझे मत आधीच सांगतो. अमेरिकेतील खेळ चार जणांसोबत पाहण्यासाठी आणि त्यांवर मनसोक्त वाद घालण्यासाठी जळगाव जिल्ह्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही, आणि त्याचे श्रेय टीव्हीच्या आकाराला किंवा पोह्यांच्या चवीला नसून वाद कसा घालावा याची जी शिस्त आप्पांनी तिथे घालून दिली आहे, तिला आहे.

या जागेची वेळ अमेरिकेच्या घड्याळाशी आपोआप जुळलेली आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे तिकडे शनिवारी संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे साडेचारला येतो. मे महिन्यात भुसावळला माणसाला निवांत बसता येईल असे तेवढेच तास असतात. नऊ वाजल्यानंतर पत्र्याखाली बसून वाद घालण्याची ताकद कोणातच उरत नाही. शिवाय हे जंक्शन असल्यामुळे रात्रपाळी संपवून आलेले, पहिल्या पाळीला निघालेले आणि गाडी पोहोचवून पुढच्या कामाची वाट पाहणारे लोक तिथे असतातच. क्रीडा संकुलात बास्केटबॉल खेळणारी मुले, सॉफ्टबॉलच्या सरावापूर्वी येणाऱ्या महाविद्यालयीन मुली आणि निवृत्त शिक्षक हे त्यांच्यात नंतर मिसळले.

या हॉटेलची खरी परीक्षा पाहायची असेल तर मे २०२५ चा पहिला शनिवार-रविवार, म्हणजे आपल्या हिशेबाने ४ मेचा रविवार आणि ५ मेचा सोमवार, आठवावा लागेल. केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतील लुईव्हिल शहरातील चर्चिल डाउन्स येथे होते आणि ती १८७५ पासून चालत आलेली आहे. त्या वर्षीची शर्यत आपल्या वेळेनुसार पहाटे ४ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास होती. लगोलग पाच वाजता डेन्व्हर नगेट्स आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स यांच्यातील सातवा, निर्णायक बास्केटबॉल सामना होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ह्यूस्टन रॉकेट्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स यांचाही सातवाच सामना होता. बेसबॉलचा हंगाम तर रोज चालूच होता. घोड्यांची एक धाव, बास्केटबॉलची सात सामन्यांपर्यंतची मालिका आणि बेसबॉलचा १६२ सामन्यांचा हंगाम, अशा तीन वेगवेगळ्या मापांनी श्रेष्ठत्व ठरवणारे तीन खेळ एकाच टीव्हीवर लागोपाठ आले, आणि यांपैकी कोणते माप खरे, हाच दोन दिवसांच्या वादाचा विषय झाला.

डर्बीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात, म्हणजे घोड्याला ही संधी जन्मात एकदाच मिळते, आणि सव्वा मैलाची, म्हणजे दोन किलोमीटरहून किंचित अधिक अंतराची ती धाव दोन मिनिटांत संपते. त्या दिवशी पावसाने धावपट्टीचा चिखल झाला होता. सर्वांची पसंती जर्नलिझम या घोड्याला होती, परंतु पाठीमागून आलेल्या सॉव्हरेंटीने त्याला दीड घोडा-लांबीने मागे टाकले आणि बाएझा तिसरा आला. शर्यत संपताच महाविद्यालयातील एका मुलाने आक्षेप घेतला की, चिखलातल्या एका धावेने काहीच सिद्ध होत नाही, आणि त्याने पुरावे दिले तेही भक्कम होते. २०२२ मध्ये एका घोड्याने माघार घेतल्यामुळे अखेरच्या क्षणी जागा मिळालेला रिच स्ट्राइक ८० ला १ अशा भावाने, म्हणजे जवळपास कोणाचीच पसंती नसताना, जिंकला आणि त्यानंतर एकही शर्यत जिंकू शकला नाही. २०१९ मध्ये तर पहिला आलेला मॅक्सिमम सिक्युरिटी इतरांच्या वाटेत आल्याबद्दल बाद ठरला आणि विजय कंट्री हाऊसला देण्यात आला.

त्याला उत्तर दिले ते शहाद्याकडील एका गृहस्थांनी, ज्यांच्या घरात सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे नेण्याची जुनी रीत आहे. तापीकाठच्या त्या बाजारात घोडा पाहताना अंगावरचे भोवरे, उंची आणि रेवाल चाल यांकडे लक्ष देतात, धावण्याच्या वेगाकडे क्वचितच, हे त्यांनी स्वतःच आधी मान्य केले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, पाठीमागे धावणाऱ्या घोड्याच्या तोंडावर पुढच्या १५ घोड्यांच्या खुरांचा चिखल उडत असतो, आणि तो खाऊनही जो घोडा मान वर न उचलता पुढे जागा शोधतो त्याचे काळीज पक्के असते. असा घोडा कोरड्या जमिनीवर कमी पडेल असे मानण्याला आधार नाही. या युक्तिवादाला माझ्या मते त्या सकाळी तोड नव्हती, कारण तो निकालावरून मागे न जाता घोड्याच्या वागण्यावरून पुढे गेला होता. मुलाने मग सेक्रेटेरिएट या जुन्या घोड्याचे नाव काढले. १९७३ मध्ये १ मिनिट ५९.४० सेकंदांत त्याने केलेला विक्रम अजून अबाधित आहे आणि त्या शर्यतीतला प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला होता. सॉव्हरेंटीला २ मिनिटे २.३१ सेकंद लागले. यावर शहाद्याच्या गृहस्थांनी वेळेची तुलना सारख्या जमिनीवरच करावी असे सांगितले, आणि वाद तिथे थांबून चोपडीत गेला.

ही चोपडी म्हणजे या हॉटेलची सर्वांत मोठी सेवा होय. गल्ल्याजवळ रोजमेळाची एक जाडजूड लाल चोपडी ठेवलेली असते. ज्याला भाकीत करायचे असेल किंवा ठाम विधान करायचे असेल, त्याने ते कारणासह तिच्यात लिहायचे, तारीख घालायची आणि सही करायची. निकाल लागल्यावर आप्पा ते सर्वांसमोर वाचून दाखवतात. चूक ठरलेल्याला कोणी हसायचे नाही, पण त्याने आपले कारण कुठे कमी पडले ते सांगायचे, असा दंडक आहे. शहाद्याच्या गृहस्थांनी ४ मे रोजी लिहिले होते की, हे दोन घोडे पुन्हा समोरासमोर आले तर क्रम हाच राहील. सॉव्हरेंटीला विश्रांती देण्यासाठी प्रीकनेसमध्ये उतरवले गेले नाही आणि ती शर्यत जर्नलिझमने जिंकली, तेव्हा चोपडीतले हे पान अनेकांनी उघडून पाहिले. जूनमध्ये साराटोगा येथे झालेल्या बेलमॉन्ट शर्यतीत मात्र सॉव्हरेंटी पहिला, जर्नलिझम दुसरा आणि बाएझा तिसरा, असा डर्बीचाच क्रम जसाच्या तसा आला. आप्पांनी पान वाचले, मुलाने आपली बाजू मांडली आणि वाद पूर्ण झाला. क्रीडावाद हे बहुधा विसरण्यावर जगतात. येथे ते शक्य नाही.

बास्केटबॉलच्या वेळी आवाज वाढतो आणि तो वाढणे योग्यच आहे. डेन्व्हरची मालिका सातव्या सामन्यापर्यंत आली ती चौथ्या सामन्यातील अखेरच्या क्षणामुळे. निकोला योकिचचा लांबून मारलेला चेंडू चुकला, आरन गॉर्डनने तो हवेतच पकडून बास्केटमध्ये घातला आणि त्याच वेळी घड्याळ संपले. चित्रफीत तपासून पंचांनी तो ग्राह्य धरला आणि डेन्व्हरने १०१–९९ असा विजय मिळवला. तो क्षण एका निमिषाने उशिरा आला असता तर ९९–९९ अशा बरोबरीवर जादा वेळ खेळावा लागला असता. सातवा सामना मात्र १२०–१०१ असा एकतर्फी झाला. सोमवारच्या सामन्यात वॉरियर्स मालिकेत ३–१ आघाडीवरून ३–३ वर घसरून आले होते, आणि तरीही त्यांनी ह्यूस्टनच्याच मैदानावर १०३–८९ असा विजय मिळवला. बडी हील्डने ३३ गुण केले, त्यात तीन गुणांचे नऊ फटके होते. सात सामन्यांत योगायोग धुऊन निघतो असे मानणाऱ्या आमच्यापैकी अनेकांना या दोन मालिकांनी विचारात पाडले. माझे मत असे की, सात सामन्यांचा खरा फायदा योगायोग टळण्यात नसून प्रतिस्पर्ध्याला उत्तर शोधायला वेळ मिळण्यात आहे. वॉरियर्सच्या स्टीफन करीचा बंदोबस्त करण्यात गुंतलेल्या ह्यूस्टनला सातव्यात दुसऱ्याच माणसाने, हील्डने, हरवले, आणि ते एका सामन्याच्या स्पर्धेत आपल्याला कधीच दिसले नसते.

बेसबॉलबाबत मात्र या हॉटेलविषयी माझी स्पष्ट तक्रार आहे. बास्केटबॉल संपला की आवाज बंद होतो, कोणीतरी बातम्या लावतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सामना सुरू असला तरी तो कोपऱ्यात लावण्याचीही कोणाला आठवण राहत नाही. खेळ संथ आहे हे कारण आता पुरेसे नाही. २०२३ पासून गोलंदाजाला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले गेले, बेसवर, म्हणजे फलंदाज धावत जाऊन थांबतो त्या टप्प्यावर, कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, आणि सामन्याची सरासरी लांबी एका वर्षात ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या प्रश्नावर दोन दिवस वाद झाला त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर याच खेळात होते. त्या आठवड्यात न्यूयॉर्क यांकीजच्या आरन जजची फलंदाजीची सरासरी ०.४०० च्या वर होती, म्हणजे दर दहा संधींमागे चारहून अधिक यशस्वी फटके. अमेरिकन आणि नॅशनल या दोन प्रमुख लीगांत पूर्ण हंगामात ही रेषा ओलांडणारा शेवटचा खेळाडू टेड विल्यम्स, त्याने १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी राखली होती. जज या वेळी ते करून दाखवील, असे चोपडीत मोठ्या अक्षरांत लिहिले गेले. हंगाम संपला तेव्हा तो ०.३३१ वर होता, आणि तरीही आपल्या लीगमध्ये सर्वोच्च होता. सुरुवातीचा बहर खोटा नव्हता, पण १६२ सामन्यांच्या चाळणीतून माणूस किती शिल्लक राहतो हे त्या एका नोंदीने जितके शिकवले तितके कोणत्याही शर्यतीने शिकवले नाही.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना हे सर्व आधीच ठाऊक असते. त्यांच्या खेळात चेंडू हात खालून फिरवून टाकतात, बेसमधले अंतर १८.२९ मीटर असते आणि बेसबॉलमध्ये ते २७.४३ मीटर असते. त्यामुळे शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, कुठे उभे राहावे याबद्दल त्या जे बोलतात ते ऐकण्यासारखे असते. आप्पांनी त्यांच्यासाठी एक टेबल आणि एक छोटा टीव्ही वेगळा ठेवावा, अशी विनंती मी त्यांना केली आहे आणि येथे पुन्हा करतो.

न्याहारीबद्दल थोडक्यात. पोहे कोरडे पडू न देता वाफेवर ठेवलेले असतात आणि वर बारीक, तिखट शेव सढळ हाताने घालतात. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि ताक हे पहाटे पाचलाही मिळते, आणि रात्रपाळीवरून आलेल्या माणसासाठी याहून चांगले जेवण नाही. भरीत मे महिन्यात मागू नये. बामणोदकडच्या हिरव्या वांग्यांचा हंगाम हिवाळ्यातला, आणि तो नसताना आप्पा भरीत करत नाहीत. चहा माझ्या मते गरजेपेक्षा गोड असतो, मात्र सांगितल्यास वेगळा करून देतात. दर स्थानकाजवळच्या इतर ठिकाणांइतकेच आहेत आणि सामना पाहण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

दोन नियम नव्या माणसाने आधीच माहीत करून घ्यावेत. पहिला, पैज नाही. पैशांची तर नाहीच, चहाचीसुद्धा नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलेले आहे, हा दाखला एका वकील गिऱ्हाइकाने दिला होता, परंतु आप्पांनी तो शांतपणे ऐकून घेऊन, तो न्याय रेसकोर्सवर लागू होईल, आपल्या टेबलांवर नाही, असे सांगितले. पगाराच्या दिवशी पाळी संपवून आलेली माणसे तिथे बसतात, हे लक्षात घेतले तर हा कडकपणा मला पूर्ण पटतो. दुसरा, सामना चालू असताना मोबाइल खिशात ठेवायचा, कारण इंटरनेटवरून येणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा मागे असते आणि मोबाइलवरचा गुणफलक पाहून कोणी ओरडला की इतरांचा सामना तिथेच संपतो.

जागेच्या त्रुटी खऱ्या आहेत. दरवाजा पूर्वेला असल्यामुळे सहा वाजून गेल्यावर ऊन थेट टीव्हीवर येते आणि सोमवारच्या सामन्याचा पूर्वार्ध आम्हांला गोणपाट बांधून पाहावा लागला. कुटुंबासह येणाऱ्यांसाठी आत वेगळी खोली आहे, पण तिथून टीव्ही दिसत नाही, ही गैरसोय दूर करणे अवघड नसावे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा तेथून मार्चपर्यंत हेच सामने आपल्याकडे तासभर उशिरा येतील. त्या दिवसांत साडेपाचला पोहोचले तरी चालते, मात्र कळण्याची भाकरी हवी असेल तर ती साडेसातच्या आत सांगावी, कारण नंतर तवा पोळ्यांसाठी लागतो.