जुनं लाकूड अंगणाबाहेर जाऊ देऊ नका

गावच्या घराच्या छपराच्या दुरुस्तीत काँट्रॅक्टरने आम्हाला फसवलं. आधी त्याला दिलेल्या पैशांचे आकडे सांगते, कारण नातेवाइकांच्या तोंडी ते दर फोनला बदलतात. ॲडव्हान्स 2,50,000. नवं लाकूड 2,07,000, त्यातून जुन्या लाकडाचे 22,000 वजा, म्हणजे 1,85,000. कौलं आणि रिपा 62,000. वाळवीचं औषध 18,500. मजुरी 1,15,000. एकूण 6,30,500 गेले. त्यातले 1,40,000 रोख, पावतीशिवाय. बाकीचे यूपीआयने, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यात. काम ठरलं होतं 9,40,000 ला, त्यामुळे "माझेच पैसे त्यांच्याकडून येणं आहेत" असं तो आजही गावभर सांगत फिरतो.

घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. चिरेबंदी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि आत सगळं सागवान, आढ्यापासून वाशांपर्यंत. मागच्या पडवीत गळत होतं. कुजलेलं तेवढं बदलायचं आणि कौलं परत चढवायची, एवढंच आमच्या डोक्यात होतं. काँट्रॅक्टर चुलत दिरांनी सुचवला. गावातलाच, देवळाच्या सभामंडपाचं काम केलेला, तोंडाचा गोड. आम्ही दोघंही नोकरीवाले, राहणार डोंबिवलीला. कामावर रोज कोणी उभं राहणार नाही हे त्याने पहिल्याच भेटीत हेरलं असणार.

कौलं उतरवल्यावर त्याचे व्हॉट्सॲपवर फोटो आले. "वहिनी, सगळ्याला वाळवी. हात लावला की भुसा पडतोय." फोटोतला वासा खरंच पोखरलेला होता. फक्त त्याला निळा ऑइलपेंट होता. आमच्या माजघराचे वासे चुलीच्या धुराने काळे कुळकुळीत. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला माळ्यावर चढले तेव्हा नव्या साडीला काजळी फासून खाली आले होते मी. त्या घरात निळा रंग कशालाच नाही, साध्या खिडकीलाही नाही. फोटो मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बघितला, नवऱ्याला पाठवला, त्याने दिरांना पाठवला. तिघांपैकी एकालाही तो निळा दिसू नये? अजून रात्री तो फोटो उघडते आणि चिडचिड करत बसते. पण मार्च एंडिंग चालू होतं, माणूस बघणार तरी कुठे कुठे? आणि कोणी दुसऱ्याच्या घराचा वासा आपला म्हणून दाखवेल हे साध्या माणसाच्या मनात येतं का? वाळवी म्हणाला तर समोर उभं राहून पटाशी खुपसायला लावा. जमत नसेल तर व्हिडिओ मागा, अंगणातून आत चालत येत काढलेला. फोटोवर होकार देऊ नका.

मग त्याने खरी चाल केली. "हे जळणाच्या भावाने जाणारं लाकूड, पण तुम्ही आपली माणसं, मी 22,000 धरतो." आम्हाला बरंच वाटलं! टेम्पोत भरायची हमाली मात्र आमच्याच मजुरीत लावली. नंतर दुसऱ्या सुताराने भिंतीतल्या खाचा मोजल्या, मागे राहिलेल्या दोन वाशांवरून हिशेब केला: निदान 110 घनफूट साग. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने आम्हाला घनफुटाला 3,000 भाव सांगितला. म्हणजे 3,30,000 चा माल 22,000 ला. जुनी कौलंही त्याच टेम्पोतून गेली, बासेल मिशनच्या छापाची. मंगळूरला 1865 साली निघालेल्या त्या कारखान्याची कौलं होमस्टेवाले शोधत फिरतात, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

साग म्हणून जे वर चढवलं ते निघालं ओलं आकेशिया, गडद पॉलिश मारून आणलेलं. पॉलिश करून आलेलं लाकूड गाडीतून उतरवूच देऊ नका. मे महिन्याच्या उन्हात वासे पिळले, कौलं सरकली आणि मृगाच्या पहिल्या सरीला माजघरात घमेली लावायची वेळ आली. फोन केला तर म्हणे, "वहिनी, लाकूड बसतंय, एक पावसाळा जाऊ द्या." लाकूड बसतंय!

पोलिसांकडे गेलो. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 318 (फसवणूक) आणि 316 (विश्वासघात) ही कलमं वकिलांनी कागदावर लिहून दिली होती. तो कागद साहेबांनी हातातही धरला नाही. "लाकडाचे 22,000 घेतलेत ना? मग विकलंत तुम्ही. फसवणूक कसली?" ती वजावट कशासाठी होती ते त्या खुर्चीत बसून कळलं. हिशेबाच्या कागदावर नवऱ्याची सही आहे. जुन्या मालाचा एक रुपयाही बिलात वळता करून घेऊ नका. लाकूड अंगणात रचून ठेवा, विकायचं तर स्वतः दोन व्यापारी बोलवा.

मग निघालं, घर तुमचंच कशावरून? घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. सगळ्या वारसांच्या सह्या आणा म्हणाले. एक वारस बडोद्याला, दुसऱ्याशी वीस वर्षं अबोला. लाकूड नेणाऱ्याला कोणी साधा कागद विचारला नाही, आम्हाला मात्र वंशावळ! ग्रामपंचायत म्हणाली, खाजगी कामात आम्ही पडत नाही. तंटामुक्ती समितीच्या बैठकीला मात्र तीच मंडळी हजर. "गावचा माणूस आहे, लहान पोरं आहेत, मिटवून टाका. तुम्ही मुंबईवाले, तुम्हाला काय कमी?" पीएफमधून काढलेत ते पैसे. पण हे तिथे कोणाला ऐकायचंच नव्हतं. दीर मान खाली घालून बसले होते, चहा मात्र प्यायले.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते. आम्ही पाठवली. पोच आली, उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि नेमकी ती दोन वर्षं "करतो वहिनी, करतो" यात घालवायला ही माणसं पटाईत. तक्रार दाखल झालीय. तारखा पडतायत. छपरावर ताडपत्री आहे, तिचे वेगळे 7,800.

सध्या त्याने खालच्या वाडीत एका घराचं काम घेतलंय. मालक पुण्याला असतात. नंबर मिळवून फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं झालं असेल हो तसं, पण आमच्या लाकडाला खरंच वाळवी लागलीय. त्याने फोटो पाठवलेत." तेवढा फोटो मला पाठवा म्हटलं. अजून आलेला नाही.