जर्मनीत नर्सिंग शिकायला जायचंय? सांगलीच्या विश्रामबागेतल्या या जर्मन क्लासबद्दल एका नर्सचं मत

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. माझी थोरली बारावी सायन्सनंतर इथं जर्मन शिकली आणि आता तिकडं नर्सिंगच्या ऑसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या व्यावसायिक शिक्षणाला, पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डमध्ये कुणी ना कुणी आई मला बाजूला घेऊन विचारते, "सिस्टर, क्लास बरा आहे का?" म्हणून सविस्तर लिहिते.

क्लासची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे फी भरायच्या आधीच मॅडमनी पालकांना बोलावून कामाचं स्वरूप सांगितलं. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, कपडे बदलणं हे मावशी करतात, नाहीतर घरचे. रात्री खाटेशेजारी चटई टाकून कुणीतरी नातेवाईक झोपलेला असतोच. तिकडं नातेवाईक भेटून निघून जातात. अंघोळ, दात घासणं, डायपर, घास भरवणं हे सगळं नर्स आणि शिकाऊ नर्सच करतात, आणि पेशंट बरेचसे वयस्कर. मॅडमनी हे काहीही न लपवता सांगितलं. काही पालक तिथूनच परत गेले, क्लासनं त्यांना अडवलं नाही. नर्स म्हणून मला हे फार पटलं. ज्याच्या हाताखालून पेशंटची पाठ रोज जाते, त्यालाच बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नुसता लाल डाग असताना दिसतो. हे काम हलकं समजणाऱ्या मुलीनं त्या वाटेला जाऊच नये.

शिक्षणाची रचनाही नीट समजावली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात किमान २,१०० तास शाळेत आणि २,५०० तास प्रत्यक्ष पेशंटजवळ. बहुतेक ठिकाणी काही आठवडे शाळा, मग काही आठवडे ड्युटी. २०२० पासून तिथं मोठ्यांचं, लहान मुलांचं आणि वृद्धांचं नर्सिंग एकाच शिक्षणात आणलंय, त्यामुळे हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घरोघरी जाऊन सेवा, बालरोग, मानसोपचार अशा सगळ्या ठिकाणी फिरावं लागतं. शिकवण्यासाठी खास तयार केलेली अनुभवी नर्स असते आणि ड्युटीच्या तासांपैकी निदान दहा टक्के वेळ तिनं ठरवून शिकवायचं, असा नियमच आहे. आम्ही जीएनएम, म्हणजे इथला नर्सिंगचा डिप्लोमा, करताना वॉर्डमध्ये माणूस कमी पडलं की विद्यार्थिनींना उभं करायचे, शिकवणारी सिस्टर स्वतःच धावपळीत. लेक सांगते, आज इन्सुलिन द्यायला शिकवलं, पुढच्या आठवड्यात माझ्याकडून करून घेणार. ऐकून जीव सुखावतो. तिकडंही माणसं कमी आहेत आणि शिकवायचा तास कधी कधी मारला जातो, हेही तीच सांगते.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. आमच्याच वॉर्डची एक जीएनएम झालेली मुलगी चौकशीला गेली होती. मॅडमनी तिला सरळ सांगितलं, "तू आधीच नर्स आहेस, पुन्हा तीन वर्षं कशाला शिकतेस? तुझ्या शिक्षणाला तिथं मान्यता घे, तो रस्ता वेगळा." तिला सहज दाखल करून घेता आलं असतं.

पैशाचं सांगते. नर्सिंगच्या या शिक्षणाला तिथं शाळेची फी घेता येत नाही, कायद्यानंच मनाई आहे. उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. सरकारी वेतनकराराच्या हॉस्पिटलांत पहिल्या वर्षीही ते १,३०० युरोच्या वर असतं. त्यातून विमा, पेन्शन कापलं जातं, खोलीचं भाडं द्यायचं. उरतं त्यात काटकसरीनं भागतं. घरी पाठवायला फारसं उरेल, या हिशेबानं कुणी कर्ज काढू नका. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला "सीट पक्की" करायला काही लाख मागितले होते. इथं क्लासची फी, परीक्षेची फी आणि कागदपत्रांचा खर्च वेगवेगळा लिहून दिला आणि पावती प्रत्येक वेळी मिळाली.

अर्ज मुलीनं स्वतः लिहायचा, ही इथली सक्ती. सुरुवातीला मला राग आला होता, एवढी फी घेऊन लेकराला कशाला राबवता! पण व्हिडिओ मुलाखतीत तिकडच्या लोकांनी अर्जातल्याच वाक्यांवर प्रश्न विचारले, आणि तिच्याकडे उत्तरं होती. करार आला तेव्हा मॅडमनी तो ओळीओळीनं तिच्याकडून वाचून घेतला. आठवड्याचे तास, रजा, सहा महिन्यांचा प्रोबेशनचा काळ, सगळं. माझ्या मते क्लासच्या फीचं चीज तिथंच झालं.

आता उणं. जर्मनच्या बी१ पातळीपर्यंत शिकवणं उत्तम. त्याच्या वरच्या बी२ ला मुलं कमी उरतात आणि बॅच भरेपर्यंत थांबवून ठेवतात. नर्सिंगला बहुतेक ठिकाणी बी२ च मागतात, मग हे थांबणं महागात पडतं. बोलण्याचा सराव कमी होतो. गटात धीट मुलं बोलतात, बाकीची ऐकतात. परीक्षेला पुण्याला मॅक्स म्युलर भवन या जर्मन भाषेच्या संस्थेत जावं लागलं. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात. दिलासा एवढाच की राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आमच्या पोरीचा संभाषणाचा राहिला होता.

आणि दवाखान्याची भाषा इथं जवळजवळ शिकवतच नाहीत. शिफ्ट बदलताना एक नर्स दुसरीला भराभर पेशंट सांगते, ते सुरुवातीला लेकीच्या डोक्यावरून जायचं. गिळायला त्रास आहे की नुसती भूक नाही, यात गफलत झाली तर पेशंटला घास अडकेल. पुस्तकातली रेल्वे स्टेशनवरची संभाषणं कमी करून हे घ्या, असं मी मॅडमना सांगितलंय. सुट्टीच्या दिवशी येऊन मुलींना मराठीतून हँडओव्हर कसा द्यायचा ते दाखवायची माझी तयारी आहे, जर्मन त्यांनी करून घ्यावं. मॅडमनी पुढच्या बॅचपासून बघू म्हटलंय.

पाचपैकी चार स्टार. नाव घालताना बी२ ची बॅच कोणत्या महिन्यात सुरू होणार, ते तेवढं लिहून घ्या.