इयत्तावार गट की हाऊस पद्धत?

कॅथलिक मुलींच्या माध्यमिक शाळेत विद्यार्थिनींना आधार देण्याच्या दोन पद्धती प्रामुख्याने आढळतात. इयत्तावार रचनेत समवयस्क मुलींवर एकाच शिक्षिकेचे लक्ष असल्याने परीक्षेचा ताण चटकन ध्यानात येतो. हाऊस पद्धतीत, बहुधा एखाद्या संताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात, सर्व इयत्तांच्या मुली प्रार्थनेला एकत्र बसतात. नवीन आलेली, डबा एकटीच खाणारी मुलगी शिक्षिकेकडे जायला कचरते, पण शेजारच्या मोठ्या ताईपाशी मन मोकळे करते आणि ती ताई तिला समुपदेशिकेच्या दारापर्यंत सोबत करते. १५३५ मध्ये इटलीतील ब्रेशियात उर्सुलाइन हा पुढे मुलींच्या शिक्षणासाठी ओळखला गेलेला कॅथलिक स्त्रियांचा संघ स्थापणाऱ्या अँजेला मेरिची यांनीही धाकापेक्षा मायेवर भर दिला होता. म्हणून मला हाऊस पद्धत अधिक जवळची वाटते; मात्र गंभीर प्रसंगाचे ओझे त्या ताईवर कदापि टाकू नये.