भोळा, भाबडा, नवखा: मोल्सवर्थचा ऑनलाइन कोश कितपत कामाचा?

शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही फुकट चाळता येतात. कोश जोखायचा तर ‘पाणी’, ‘झाड’ शोधून उपयोग नाही. भोळेपणाचे शब्द टाकून बघावेत, छटांचा कस तिथं लागतो.

पहिली अडचण शोधाच्या चौकटीतच. कोल्हापुरात बोलतात तसं ‘खुळं’ टाकलं तर मथळा, म्हणजे नोंदीचा मुख्य शब्द, सापडत नाही. विशेषणं पुल्लिंगी रूपात आहेत: खुळा, भोळा, भाबडा. क्रियापदांना शेवटी जुना अनुस्वार: भुलणें, फसणें. खरी कमाई पूर्ण नोंदीत शोधण्याच्या पर्यायात आहे. तिथं इंग्रजी शब्द टाकला की तो ज्या ज्या मराठी नोंदीच्या अर्थात आलाय, त्या सगळ्या समोर येतात. भाषांतर करणाऱ्याला एवढ्यासाठी तरी हा कोश हवाच.

निवड मात्र आपली आपणच करायची. भोळेपणा स्वभावात असतो, नवखेपणा सरावानं जातो. ‘नवखा ड्रायव्हर’ गाडी ठोकेल. ‘भोळा ड्रायव्हर’ पगारात फसेल. आरोपी कोर्टातून निर्दोष सुटतो, निष्पाप नव्हे. अपघाताच्या बातमीत जातात ते निष्पाप जीव.

कोशाचं वय जाणवतं ते ‘बाळबोध’पाशी. मोल्सवर्थच्या काळात हे मोडीहून वेगळ्या, म्हणजे देवनागरी लिपीचं नाव. आज ‘बाळबोध मांडणी’ म्हटलं की लेखकाला झोंबतं. ‘भाबडा आशावाद’मधला टोमणाही आजचा. आणि मित्राच्या पाठीत धपाटा घालून म्हटलेलं ‘खुळा हाईस का?’ यातली माया कोणत्याच कोशात मावणार नाही, त्याबद्दल कोशाला बोल लावण्यात अर्थ नाही.

जुन्या पोथीतला शब्द अडला तर सरळ दाते-कर्वे यांच्या कोशाकडे जावं. १९३२ ते १९३८ मधले सात खंड आणि १९५० ची पुरवणी. अर्थ मराठीतून, ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथांतली उदाहरणं, काही नोंदींना प्रांताची खूणही. संक्षेपांची यादी आधी वाचून ठेवा, नाहीतर अर्धी नोंद कळणार नाही.

शुद्धलेखनासाठी मात्र दोन्हींकडे जाऊ नका. लेखन १९६२ च्या नियमांआधीचं आहे. मथळा जसाच्या तसा उचलला तर प्रूफ लाल होऊन परत येईल.