पऱ्हाटी ब्रिकेटला द्यायची: सबंध की कुट्टी करून?

शेवटची वेचणी आटोपली, फरदड (तेच पीक ठेवून पुढचा कापूस) घ्यायची नाही हे ठरलं, की वावरातल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांचं काय, हा प्रश्न येतोच. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पेटवून मोकळं होणाऱ्यांसाठी हे नाही. गोबरगॅसही इथे कामाचा नाही. पऱ्हाटी म्हणजे शेवटी लाकूड, टाकीत घातली तरी लवकर कुजत नाही. ब्रिकेटवाल्याला (ब्रिकेट म्हणजे काडीकचरा दाबून केलेली जळणाची कांडी) द्यायची एवढं नक्की असेल, तर सबंध की कुट्टी, एवढंच उरतं. मी दोन हंगाम सबंध दिली, गेले तीन हंगाम कुट्टी देतोय.

सबंध देणं तसं सोपं. चिमट्याने उपटायची, उन्हात पाडून ठेवायची, ट्रॉली भरायची. यंत्राचं भाडं नाही, वावर मुळासकट साफ. कारखाना शिवेवरच असेल आणि उपटायला घरचीच माणसं असतील, तर दुसरं काही बघूच नका.

माझं वावर कारखान्यापासून वीस-बावीस किलोमीटर. ट्रॉली दिसायला डोंगराएवढी, दोन्हीकडून फांद्या घासतात, समोरून एसटी आली की ट्रॅक्टर खाली उतरवावा लागतो. आणि काट्यावर भरते जेमतेम सहा-सात क्विंटल. म्हणजे डिझेल जाळून हवाच वाहिली. तेही चालवून घेतलं असतं. मन उडालं ते मातीच्या कटीवरून, म्हणजे मातीपोटी वजनातून कापतात त्यावरून. आमची जमीन काळी. ओलीत उपटलं की मुळाला लाडवाएवढं ढेकूळ येतं. काट्यावरचा माणूस एक झाड उचलायचा, पायरीवर आपटायचा, पडलेल्या मातीकडे बघायचा आणि कट सांगायचा. कधी क्विंटलमागे पाच किलो, कधी बारा. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं म्हणा. माती आली की राख वाढते, कांडी पाडणारा साचा (डाय) घासतो. पण एकदा आम्ही घरी एकेक मूळ झटकून ट्रॉली नेली, तिलाही बाराचीच कट लागली. त्या दिवशी ठरलं.

कुट्टीत मूळ जमिनीतच राहतं, त्यामुळे आपटायला काही उरतच नाही. फळ्या उंच केल्या तर त्याच ट्रॉलीत बारा-तेरा क्विंटल मावते. झाडावरची किडकी बोंडंही चिरडली जातात. गुलाबी बोंडअळी एवढ्याने जाते असं नाही, पण तेवढाच हातभार. शिवाय 2021 मध्ये औष्णिक केंद्रांनी कोळशात 5 टक्के बायोमास (काडीकचऱ्याचं जळण) मिसळायचं केंद्राचं धोरण आलं. त्यानंतर आमच्याकडे पेलेटवालेही (पेलेट म्हणजे तशीच पण बारीक कांडी) विचारायला लागले, आणि त्यांना कुट्टीच हवी असते.

तोटे आहेतच. ट्रॅक्टरवरच्या यंत्राचं भाडं खिशातून जातं, आणि हंगामात नंबर लागता लागत नाही. मागे राहिलेले खुंट चपलेतून टोचतात, रोटाव्हेटर फिरवावाच लागतो. पहिल्या वर्षी मी घाई केली, हिरवट पऱ्हाटीच कुटून गोठ्यामागे ढीग मारला. तिसऱ्या दिवशी हात घातला तर चटका बसला, आत पांढरी बुरशी. ती कोणी घेतली नाही, खतात गेली. ब्रिकेटमध्ये चिकटवायला वेगळं काही घालत नाहीत, दाब आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य ती धरून ठेवतं. ओल जास्त असली की वाफ होऊन कांडी फुटते. म्हणून ओल दहा-बारा टक्क्यांवर गेली की कारखानेवाला नाक मुरडतो.

आता मी फांदी कट्कन मोडल्याशिवाय यंत्रवाल्याला फोन करत नाही. धुऱ्याकडच्या दोन ओळी तेवढ्या सबंध उपटतो. आईला न्हाणीच्या चुलीत कुट्टी चालत नाही.