आण्णांचं अपील आणि शाहूपुरीतलं सीए ऑफिस, चार स्टार (एक का कापला ते खाली आहे)

आधीच सांगतो, हा रिटर्न भरून घेण्याचा रिव्ह्यू नाही. रिटर्न काय, कोल्हापुरात गल्लोगल्ली भरून देतात. हा अपिलाच्या कामाचा आहे, म्हणजे आयकर खात्यानं एकदा डिमांड (एवढा कर भरा म्हणून मागणी) डोक्यावर टाकली, पहिलं अपील पण हातातनं गेलं, आणि मग माणूस दुसऱ्या अपिलाला जिथं जातो त्या आयकर ट्रिब्युनलचा. या ऑफिसच्या पेजवर बाकी सगळे "नाईस सर्व्हिस" लिहून गेलेत, त्यातनं काय कळत नाही, म्हणून जरा लांबड लावतोय.

केस आमच्या आण्णांची. चिखलीकडं आमची शेती, ऊस. उसाचं बिल कारखान्याकडनं जिल्हा बँकेत जमा व्हायचं, तसं सगळ्यांचंच व्हायचं. 2016 साली घराचा स्लॅब टाकायचा म्हणून आण्णांनी फेब्रुवारीत 3 लाख 10 हजार, मे मध्ये 2 लाख 40 आणि सप्टेंबरात 1 लाख 90 हजार काढले आणि गवंडी मिळंना म्हणून कपाटात ठेवले. आणि 8 नोव्हेंबरला रात्री आठला टीव्हीवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आण्णा म्हणाले गर्दी कमी होऊ दे मग भरू, तोवर 14 नोव्हेंबरपासनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच बंदी झाली. मग काय, राष्ट्रीयीकृत बँकेत एक खातं होतं, जुनं, कधी वापरलेलं नाही, त्यात दूध बिलाचे साठलेले 1 लाख 20 हजार धरून 8 लाख 60 हजार एकाच दिवशी भरले.

खात्याला दिसलं ते एवढंच, की एका न वापरलेल्या खात्यात नोटबंदीत साडेआठ लाख रोख आणि रिटर्नचा पत्ता नाही. उसाचा पैसा दुसऱ्या बँकेतनं आलाय हे त्यांना कोण सांगणार? सांगायचं काम ज्याला दिलं होतं त्या पहिल्या टॅक्सवाल्याचं नाव घेत नाही, पण त्यानं काय केलं ते वाचा. पोर्टलवर आण्णांच्या नावापुढं ईमेल स्वतःचा टाकला आणि मोबाईल पण स्वतःचाच. नोटिसा त्याला जायच्या आणि तो बघायचा नाही. 2019 च्या महापुरात आम्ही गाळ उपसत होतो, नोटीस कुठली विचारताय. डिसेंबर 2019 ला एकतर्फी ऑर्डर झाली, कलम 69 ए, सगळी रक्कम बेहिशेबी.

आता गंमत बघा, गंमत कसली. खात्याच्या हिशेबानं त्या वर्षाला बेहिशेबी धरलं की 60 टक्के कर होता, त्यावर सरचार्ज, त्यावर सेस, सगळं मिळून 77.25 टक्के. 8 लाख 60 हजारावर 6 लाख 64 हजार. वर व्याज. डिमांड झाली पावणेअकरा लाख. भरले साडेआठ आणि मागतात पावणेअकरा! आण्णा तीनदा म्हणाले, पैसा माझा, कारखान्याचा, बँकेतनं काढून बँकेत टाकला, मग चोरी कशाची. 20 टक्के भरले तर अपील चालू असेपर्यंत बाकीची वसुली थांबते म्हणून 2 लाख 15 हजार भरले, त्यात आईच्या पाटल्या गेल्या. पहिलं अपील त्याच टॅक्सवाल्यानं टाकलं, त्याच ईमेलवर. ते सप्टेंबर 2023 ला फेटाळलं, आम्हाला कळलं 2024 च्या गणपतीत, तेही बँकेनं खातं अडकवल्यावर.

तर अशी फाईल घेऊन मी या ऑफिसात गेलो. पहिल्या दिवशी साहेबांनी फी सांगितली नाही, जिंकू असं पण म्हणाले नाहीत. पासबुक मागितलं. पासबुक पुरात भिजलेलं, पानं चिकटलेली. ते त्यांनी खिडकीजवळ नेऊन धरलं, फेब्रुवारीच्या काढलेल्या रकमेवर नख ठेवलं आणि म्हणले, "केस इथं आहे. पण हे असलं नाही चालणार, शाखेतनं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा." बास. पाच वर्षांत आण्णांना कुणीतरी पहिल्यांदा चोर समजलं नाही असं वाटलं, खरं सांगतो.

ट्रिब्युनल म्हणजे काय ते मला पण माहीत नव्हतं. 1941 पासनं चालू आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे ते अर्थ खात्याखाली नाही, कायदा मंत्रालयाखाली आहे, त्यामुळं कर लावणारा आणि न्याय देणारा एकाच घरातला नाही. कोल्हापूरची केस पुण्याच्या बेंचकडं जाते. आता ऑगस्ट 2025 पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं आलं तरी ट्रिब्युनल वेगळं, ते पुण्यातच, मला चार जणांनी विचारलं म्हणून लिहितोय. हायकोर्टात फक्त कायद्याचा मुद्दा चालतो, पैसा कुठनं आला असले पुराव्याचे वाद ट्रिब्युनललाच संपतात, म्हणून तिथं कागद कमी पडला तर विषय कट. सरकारी फी पण ऐका, ठरवलेलं उत्पन्न 2 लाखाच्या वर असलं तर त्याच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 10 हजार. आमची 8,600 झाली. लोक उगच घाबरून बसतात.

मोठी अडचण उशिराची. आमच्या ऑर्डरच्या वेळी ट्रिब्युनलला 60 दिवसांत जायचं होतं, आम्ही 318 दिवस लेट. मी म्हटलं आण्णा आजारी होते असं लिहू. साहेब भडकलेच, "आजारी होते तर मेडिकल पेपर दाखवा, नसतील तर खरं लिहा." मग ॲफिडेव्हिट केलं ते तारीखवार, ईमेल कुणाचा, मोबाईल कुणाचा, बँकेनं कधी सांगितलं, पोर्टलला पहिल्यांदा कधी लॉगिन झालं त्याचा स्क्रीनशॉट. सुप्रीम कोर्टाचा 1987 चा एक निकाल आहे म्हणे, उशीर करून अपील करणाऱ्याचा काय फायदा होत नसतो, तेव्हा न्याय बघावा, तांत्रिक खुसपट काढू नये असा. तो लावला.

निकालांवरनं आठवलं. व्हॉट्सॲपवर एक फिरत असतो, आग्रा बेंचचा 2021 चा, गृहिणीनं नोटबंदीत भरलेले 2 लाख 11 हजार 500 बेहिशेबी धरता येत नाहीत असा. मी तो प्रिंट काढून हिरोसारखा टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, म्हणले हा बरोबर आहे, पण तो अडीच लाखांच्या आतला, घरखर्चातनं वाचवलेल्या पैशाचा, तुमचे आण्णा काय गृहिणी नाहीत. ऑफिसातल्या मॅडम पण हसल्या. त्यांनी वापरला तो मुंबई हायकोर्टाचा 2016 चा, की पहिल्या अपिलात करदाता आला नाही म्हणून नुसतं फेटाळता येत नाही, गुणदोषावर ठरवावंच लागतं. आमच्या कुलपाला तीच किल्ली होती.

पेपरबुक, म्हणजे ट्रिब्युनलला द्यायचा पुराव्याच्या कागदांचा गठ्ठा, बघायला पाहिजे होतं तुम्ही. 96 पानं, प्रत्येक पानाला नंबर, पुढं अनुक्रमणिका, सातबारा, कारखान्याची बिलं, दोन्ही बँकांची स्टेटमेंट समोरासमोर. पान 34 वर काढलेल्या रकमा आणि पान 41 वर भरलेली रक्कम. ऑफिसातल्या मॅडमनी माझ्या देखत एक नंबर चुकला म्हणून पुढची सगळी पानं परत काढली.

सुनावणी फेब्रुवारी 2025 ला झाली, व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर), साहेबांच्याच केबिनमध्ये बसून. रक्कम 50 लाखाच्या आतली म्हणून एकच मेंबर, म्हणजे ट्रिब्युनलचे न्यायाधीश. मला वाटलेलं तासभर भांडण होणार, आठ-दहा मिनिटांत संपलं. मेंबरनी विचारलं की काढलेले पैसे घरात ठेवायचं कारण काय, साहेबांनी पान 52 सांगितलं, ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना. एवढंच.

मार्चमध्ये ऑर्डर आली. मी कामावर होतो, शिरोलीत. मोबाईलवर शेवटची ओळ वाचली, अपील "अलाउड". खाली आणखी काय काय होतं, कोण वाचतोय. येताना दोन किलो पेढे घेतले, भावकीत वाटून झाले, आण्णा देवळात जाऊन आले. संध्याकाळी साहेबांचा फोन, पूर्ण ओळ वाचलीत का? पूर्ण ओळ होती "अलाउड फॉर स्टॅटिस्टिकल पर्पजेस". म्हणजे जिंकलो ते फक्त आकडेवारीपुरतं! उशीर माफ, जुनी ऑर्डर रद्द, पण फाईल परत अधिकाऱ्याकडं, पुरावे बघून नव्यानं ठरवा. पेढे गेले ते गेले. ही ओळ ज्याला कुणाला येईल त्यानं पेढे आणू नयेत, चहा पाजा फार तर.

पण त्या परत पाठवण्याचाच फायदा झाला हे आता कळतंय. अधिकाऱ्यासमोर तेच पेपरबुक ठेवलं आणि नव्या ऑर्डरमध्ये बँकेतनं काढलेले 7 लाख 40 हजार मान्य झाले. दुधाचे 1 लाख 20 हजार राहिले, कारण डेअरीच्या वहीत नाव आहे पण रोख दिल्याची सही नाही, ती आम्हाला शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यावर 92,700 कर आणि व्याज, ते आधी भरलेल्या 2 लाख 15 हजारातनं वळतं होऊन उरलेलं परत येणार. दंडाची नोटीस वेगळी.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, हा एक. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिटची गर्दी असते तेव्हा तर जाऊच नका, दोन तास बाकड्यावर बसवतात आणि पंखा दुसऱ्या बाजूला. आणि फायनल बिलात पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च धरलेला होता, सुनावणी व्हीसीवर होऊन सुद्धा! विचारल्यावर लगेच कमी केला, सॉरी पण म्हणले, पण विचारावं का लागलं. एकूण फी 35 हजार, स्वस्त नाही. पार्किंग शोधायला जेवढा वेळ लागतो त्यात माणूस गावाकडं जाऊन येईल.

शेवटचं एक. राहिलेल्या 1 लाख 20 हजारासाठी मी म्हटलं परत लढूया. 60 टक्क्यांचा दर त्या वर्षाला लागतो का यावर मद्रास हायकोर्टानं 2024 ला करदात्याच्या बाजूनं निकाल दिलाय, तो मुद्दा आपला पण आहे. साहेब म्हणले मुद्दा खरा आहे, घ्या, पण माझी फी त्यात घालू नका, तुमचं निघणार नाही. पहिल्या अपिलाची सरकारी फी 500 रुपये आहे, मुदत 30 दिवस, तुम्हीच भरा. मॅडमनी शेजारी बसवून फॉर्म कसा भरायचा ते दाखवलं. ईमेलच्या रकान्यात आल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं. माझा टाकला. मोबाईल पण माझाच. आण्णा मागं उभं राहून एक एक आकडा मोठ्यानं वाचत होते.